पडद्यावरचे 94 आणि बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम

प्रगत परिचर्येच्या (नर्सिंगच्या) पदव्युत्तर शिक्षणाची पूर्वतयारी म्हणून विज्ञानाचे तत्त्वज्ञान शिकवणारा बारा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. अतिदक्षता विभागात नऊ वर्षे काढल्यावर तत्त्वज्ञानाच्या तासाला बसायची वेळ येईल असे वाटले नव्हते, आणि पहिल्या दोन आठवड्यांतील प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या लांबलचक व्याख्यानांनी माझी शंका दूर होण्याऐवजी वाढलीच.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र शिकवण्याला धार आली. विषय होता 1847 सालचे व्हिएन्नाचे रुग्णालय आणि तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस. डॉक्टर व विद्यार्थी असलेल्या प्रसूतिकक्षात प्रसूतिज्वराने होणारे मृत्यू सुईणींच्या कक्षापेक्षा कितीतरी जास्त का, याचा शोध घेताना त्यांनी गर्दी, प्रसूतीच्या वेळची शरीरस्थिती, अगदी घंटेच्या नादात वॉर्डातून जाणारा धर्मगुरू, अशी एकेक शक्यता तपासून बाद केली. शवविच्छेदनातील द्रव्य हातांवाटे पसरते असे गृहीतक त्यांनी मांडले, क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले आणि एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये सुमारे 2 टक्क्यांवर आले. इथवरची गोष्ट संसर्गनियंत्रणाच्या कोणत्याही वर्गात ऐकायला मिळते. या अभ्यासक्रमाने पुढचे पान उलटले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे दूषित स्राव होत असलेल्या एका स्त्रीला तपासल्यावर पुरेसे निर्जंतुकीकरण न करता डॉक्टरांनी आणखी बारा जणींना तपासले आणि त्यांतील अकरा दगावल्या. इथे शवाचा संबंधच नव्हता, त्यामुळे सेमेलवाइस यांना आपले गृहीतक बदलावे लागले. उपाय लागू पडला म्हणून त्यामागचे स्पष्टीकरण पूर्ण ठरत नाही, हा मुद्दा इतक्या नेमकेपणाने शिकवलेला मी यापूर्वी पाहिला नव्हता. तक्रार एकच: ही सारी तुलना ज्यांच्या कक्षामुळे शक्य झाली त्या सुईणींच्या वाट्याला व्याख्यानात जेमतेम एक वाक्य आले, आणि तेही परिचारिकांसाठीच्या अभ्यासक्रमात.

सातव्या आठवड्यात निरीक्षण कधीच कोरे नसते, त्यात आधीचे सिद्धांत मिसळलेले असतात, हे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरच्या उदाहरणातून मांडले आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असतानाही रक्तातील प्रत्यक्ष ऑक्सिजन-संपृक्तता (सॅच्युरेशन) 88 टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के, तर श्वेतवर्णीय रुग्णांत 3.6 टक्के आढळले होते. हे व्याख्यान ऐकल्याच्या आठवड्यातच रात्रपाळीच्या हँडओव्हरला मला सांगण्यात आले, “सॅच्युरेशन 94, ठीक आहे.” सावळ्या वर्णाचा तो रुग्ण व्हेंटिलेटरवर होता, सारखा गादीची कड चाचपत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. यंत्र फसवत असणार अशी माझी जवळजवळ खात्री झाली आणि मी डॉक्टरांना सांगून एबीजी, म्हणजे धमनीतील रक्ताची वायुतपासणी, करवून घेतली. संपृक्तता 93 आली. मॉनिटर खरे तेच सांगत होता. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती आणि मूत्राशय तुडुंब भरले होते. खंडनक्षमतेवरच्या, म्हणजे गृहीतक चाचणीत खोटे ठरू शकले पाहिजे या तत्त्वावरच्या, तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या प्रकरणाने जे डोक्यात शिरले नव्हते ते त्या दुमडलेल्या नळीने शिकवले.

परिचर्येच्या अभ्यासक बार्बरा कार्पर यांनी 1978 साली सांगितलेल्या परिचर्येतील ज्ञानाच्या चार प्रकारांचा, म्हणजे अनुभवाधिष्ठित, नैतिक, सौंदर्यात्मक आणि व्यक्तिगत ज्ञानाचा, भाग मात्र पार वाया घालवला आहे. चार चौकटींचा एक तक्ता आणि ‘पुढील प्रसंग योग्य चौकटीत टाका’ अशा धर्तीची बहुपर्यायी चाचणी, एवढ्यावर सगळे आटोपले आहे. कॅथेटरच्या त्या रात्रीचा प्रसंग मी एका चौकटीत बसवून पाहिला; तो चारांतही बसतो, आणि कार्पर यांच्या मांडणीत हे प्रकार एकमेकांपासून तोडलेले नाहीतच. वैज्ञानिक क्रांतींची मांडणी करणाऱ्या थॉमस कून यांच्या वाट्याला चाळीस मिनिटे आली.

सर्वांत मोठी उणीव नवव्या आठवड्यात आहे. हजारो रुग्णांच्या चाचणीतून निघालेली सरासरी समोरच्या एका रुग्णाला कितपत लागू पडते, विशेषतः मूत्रपिंडे निकामी असल्यामुळे ज्याला त्या चाचणीत घेतलेच नसते अशा रुग्णाला, हा प्रगत परिचर्या करणाऱ्या प्रत्येकीला रोज पडणारा प्रश्न आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या विगमनाच्या समस्येशी, म्हणजे आजवरच्या अनुभवावरून पुढच्याबद्दल निष्कर्ष काढणे कितपत रास्त या प्रश्नाशी, त्याचे नाते जोडले आहे खरे, पण एकही औषध, एकही रुग्ण समोर ठेवून तो सोडवून दाखवलेला नाही.

निबंधांवरचे अभिप्राय तीन आठवडे उशिरा आणि दोन ओळींचे मिळाले. आठवड्याला चार तास पुरतील असे सांगितले होते. मला सात लागले. वॉर्डात निदान दोन-तीन वर्षे काम केलेल्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा, मात्र पहिले दोन आठवडे दीडपट वेगाने ऐकावेत. नुकतीच पदवी घेतलेल्यांनी थोडे थांबावे, कारण इथली उत्तम व्याख्याने ऐकणाऱ्याच्या गाठीशी स्वतःच्या चुका आहेत असे धरूनच पुढे जातात.