तीन सिलिंडरची ओम्नी आणि चार भोकांचं गॅस्केट

१३,८५० रुपये गेले. हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिन आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पत्र्याच्या नावाने दिले आणि बिघाड निघाला रेडिएटर फॅनच्या स्विचचा. स्विच ४२० रुपयांना मिळाला. आकडा मी ठरवलेला नाही, दुकानदाराने लावला.

लक्षण अगदी सरळ होतं. शुक्रवारच्या बाजारादिवशी म्हापशात ओम्नी पाच-सात मिनिटं रांगेत उभी राहिली की तापमानाचा काटा वर, आणि पर्वरीच्या दिशेने हायवेला लागली की परत मध्यावर. उभी असताना तापते, धावताना निवते, म्हणजे रेडिएटरला वारा कमी पडतोय. फॅन, फ्यूज, रिले नाहीतर स्विच, यापलीकडे आधी बघायचंच नाही. सपाटीवर ठीक आणि चोर्ला घाट चढताना तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पाण्याच्या पंपाचा पट्टा सरकतोय. थंड गाडी सुरू करून काही मिनिटांतच काटा लाल पट्टीत आणि रेडिएटरकडे जाणारा होज गारच, तर थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, बंद अडकलाय. हे सगळं मला माहीत होतं, लाज त्याचीच वाटते.

मिस्त्रीने रेडिएटरची कॅप उघडलीसुद्धा नाही. ऑइलचं झाकण काढलं, खालची पांढरट साय बोटावर घेतली आणि माझ्या नाकासमोर धरली. "हेड गेलां, पात्रांव." म्हणजे हेड गॅस्केट गेलं, मालक. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली थिजते आणि नुसत्या तेवढ्यानेही अशी साय येते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर त्या सायीला घाबरू नका. गॅस्केट खरंच गेलं असेल तर थंड इंजिनवर कॅप काढून गाडी सुरू केली की पाण्यात बुडबुडे येतच राहतात, गळती न दिसता पाणी घटतं, आणि गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. यातलं एकही नव्हतं.

आणि मग तो क्षण. संध्याकाळी त्याने "हे बघा तुमचं जुनं" म्हणत एक काळं गॅस्केट उजेडात धरलं आणि जळकी जागा अंगठ्याने दाखवली. मी अंगठ्याकडे बघितलं. भोकं मोजली नाहीत. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं, आणि गॅस्केटला दर सिलिंडरमागे एकच मोठं भोक असतं. त्या गॅस्केटला मोठी भोकं चार होती! चवथ (गणेश चतुर्थी) चार दिवसांवर आलेली, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं सामान आणायचं, गाडी हवीच होती. डोकं ठिकाणावर कुणाचं असतं?

हिशेब असा लावला: गॅस्केट सेट १,६५०, हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) १,२००, बोल्ट ६००, पंप १,७५०, कूलंट ९००, मजुरी ६,०००, गाडी ओढून नेण्याचे १,७५०. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. घरी सीट उचलून बघितलं तर एक्झॉस्टच्या पाइपचे नट गंजून एकजीव झालेले, पाना लागल्याची एक खूण नाही. तो जोड न सोडवता हेड वर येतं कसं? पंपही जुनाच, चिखलाने माखलेला. काम संपल्यावर अशा खुणा जागेवरच बघा, पैसे द्यायच्या आधी.

फॅनची तपासणी दोन मिनिटांची आहे. इग्निशन चालू करा, थर्मो स्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करणारा तोच स्विच) प्लग काढा, प्लगची दोन टोकं वायरीच्या तुकड्याने जोडा. बोटं पात्यांपासून लांब ठेवा. फॅन फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले बघा, मग फॅनला बॅटरीवरून थेट करंट द्या.

पोलिसांकडे गेलो. "गाडी चालते ना?" चालते. "मग फसवणूक कसली?" वर सल्ला, हा दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा. वाहन खात्याच्या खिडकीवर कळलं की गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही. तिसरीकडे पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल दिलं असतं तर तो चोर कसला? चौथ्या टेबलावरचे साहेब जेवायला गेले होते, साडेतीनपर्यंत. माझा अर्ज पंख्याच्या वाऱ्याने दोनदा खाली पडला, दोनदा मीच उचलला. स्टॅम्प मारून पोच द्यायलाही कुणी तयार नाही.

रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदलाच. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. गरम असताना मात्र तिला हात लावू नका. किनाऱ्याकडच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाइप लांब. पाणी बदलल्यावर हवा नीट काढली नाही तर नवी गाडीसुद्धा तापेल, आणि पुन्हा कुणीतरी हेड गेलं म्हणेल.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत २ वर्षांची. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. मी १०,००० रोख दिले, त्याचा कागद नाही. उरलेले ३,८५० यूपीआयने गेलेत. तेवढ्याची तरी तक्रार टाकतोय.