टेली टाइप गिटार किट, नऊ महिने वापरून (आणि त्यात एक फझ पण आलाच)

आधीच सांगून टाकतो, ज्याला नुसती वाजवायला गिटार हवीये त्याने हा किट, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची इलेक्ट्रिक गिटार, घेऊ नये. तेवढ्याच पैशात दुकानातून तयार गिटार मिळते आणि ती दुसऱ्या दिवशी सुरात असते. मी मागच्या गणपतीत मागवला, साडेअकरा हजारांना पडला, आता जून लागलाय, आणि खरं सांगायचं तर मनासारखी वाजायला लागली ती मार्चमध्ये. नाव देत नाही कारण सेम खोकं चार नावांनी विकतात, एकाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर नको.

टेलीच (टेलिकास्टर) का घेतली तर ती मुळात पटापट जोडता यावी अशीच काढलेली गिटार आहे. १९५० साली लिओ फेंडरने बाजारात आणली तेव्हा बॉडी वेगळी, नेक वेगळी, मागून चार स्क्रू मारले की झालं काम. लेस पॉलसारखी नेक सरसाने चिकटवायची असती तर मी हात पण लावला नसता. स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, बाकी बॉडी कच्ची, नेकवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) मारलेले, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी, एका कॉइलची), पिकअप निवडायचा ३ वे स्विच, दोन पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायचे), आणि एक कागद ज्यावर वायरिंगचं चित्र होतं ते डोळ्यांचा डॉक्टर दाखवतो तेवढ्या बारीक अक्षरात.

पहिली बोंब झाली नेक बसवताना. चार स्क्रू मारले, तारा चढवल्या, आणि बघतो तर बारीक ई तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून जवळजवळ खाली पडतेय. नेकचा खड्डा दीडेक मिलिमीटर सैल होता आणि भोकं थोडी तिरकी. रात्री अकरा वाजता डोक्याला हात लावून बसलो. मग उपाय साधाच निघाला, नेकमधली भोकं दात कोरायच्या काड्या आणि फेविकॉल ठासून बुजवली, एक दिवस वाळू दिली, तारा सैलच ठेवून नेक हाताने सरळ धरली, दोन्ही ई तारा कडेपासून सारख्या अंतरावर आल्या की क्लॅम्प लावून परत बारीक ड्रिल. तेव्हापासून हललेली नाहीये.

पॉलिशबद्दल फार लिहीत नाही. आमच्या सुतारमामांनी सांगितलं म्हणून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश केलं, दिसायला एक नंबर. पण उजवा हात टेकतो तिथे घामाने आता पांढुरका डाग पडलाय. परत करायचं तर पीयू (पॉलियुरेथेन) मारेन.

आता नटबद्दल, म्हणजे हेडपाशी ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात ती. माझ्या मते किटचं निम्मं यश-अपयश इथेच ठरतं आणि याबद्दल कोणी काही सांगत नाही. ट्यूनर लावून सगळ्या तारा सुरात, सी कॉर्ड वाजवली तर बेसूर, एफ धरली तर अजून बेसूर, बाराव्या फ्रेटवर मात्र ठीक. मी दोन आठवडे ब्रिजचे सॅडल (बॉडीवर तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) मागेपुढे करत बसलो, शहाणा. दोष होता नटच्या खाचा उथळ असण्यात. तार फ्रेटपासून फार उंचावर असली की पहिल्या फ्रेटवर दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, सॅडल कितीही सरकवा ते जाणार नाही. तपासायची युक्ती अशी की तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. केसाएवढी फट पाहिजे. माझ्याकडे पोस्टकार्ड सहज जात होतं.

नटच्या खास फाईली येतात पण त्यांची किंमत बघून मी साइट बंद केली. मग नाशिकच्या सातपूरला वेल्डिंगचं सामान मिळतं तिथून नोझल क्लीनरचा सेट आणला, त्या बारीक गोल खरबरीत तारा असतात ना वेगवेगळ्या जाडीच्या, त्याच. काम झालं, जरा जास्तच झालं, जी (G) तारेची खाच इतकी खोल गेली की मोकळी वाजवली की सतारीची जवारी. बाबा आतल्या खोलीतून ओरडले, "अरे गिटार करतोयस का सतार?" ते मिरजेचे सतार बनवणारे लोक हाच झंकार यावा म्हणून ब्रिज घासत बसतात, आणि इथे मला तो घालवायचा होता. खाचेत खायचा सोडा चिमूटभर भरून वर सुपरग्लूचा एक थेंब टाकला, क्षणात दगड होतो, मग परत घासलं, तीन घास मारले की तार लावून बघायची, परत तीन. तो जुगाड अजून टिकून आहे, जानेवारीत नवा नट आणून ठेवला होता तो तसाच पाकिटात आहे.

वायरिंगमध्ये माझी खरी शाळा बाबांनी घेतली. त्यांनी तरुणपणी रेडिओ जोडलेत, त्यामुळे माझं सोल्डरिंग (कथिलाचा डाग देऊन वायर जोडणं) बघूनच तोंड वाकडं केलं. पॉटच्या पाठीवर अर्थची (अर्थिंगची) वायर लावायची असते, माझ्या २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या काडीने कथील नुसतं गोळा होऊन बसायचं, वरून चकचकीत, ओढलं की टप्पकन हातात. बाबा म्हणाले, "डाग कोरडा आहे. आधी पॉट तापव, मग कथील पॉटला लाव, काडीला नको." त्यांची माळ्यावरची ६० वॉटची जुनी काडी काढली, पॉटची पाठ पॉलिश पेपरने खरवडली, दोन-तीन सेकंदांत कथील पाण्यासारखं पसरलं. एवढा एक डाग नीट द्यायला मला छत्तीस वर्षं लागली.

किटमधले पॉट २५०के लिहिलेले होते, मीटरवर एक २१० निघाला, चालतं, सिंगल कॉइलला तेवढेच लागतात, हमबकर (दोन कॉइलचे पिकअप) असते तर ५००के घातले असते. दोन्ही पिकअप एकत्र केले की मात्र आवाज पत्र्याचा, बेसच गायब. म्हणजे दोन पिकअप एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये, एकाचा सिग्नल दुसऱ्याला खातो. एकाच्या दोन वायरी उलटसुलट करायच्या, सोपं, म्हणून मी नेक पिकअपच्या केल्या. फेज सुधारली पण आता पिकअपच्या चकचकीत झाकणाला बोट लागलं की स्पीकरमधून गुर्रर्र. टेलीच्या नेक पिकअपचं धातूचं झाकण आतून त्याच्याच अर्थच्या वायरीला जोडलेलं असतं, वायरी उलटवल्या की झाकण सिग्नलला जाऊन बसतं. तो आतला जोड कापून झाकणाला वेगळी अर्थ दिली तेव्हा गप्प झालं. कॉइलची वायर केसापेक्षा बारीक असते, हात थरथरत असेल तर हा उद्योग दुसऱ्याकडून करून घ्या.

आणि एवढं सगळं करून हम (स्पीकरमधली घरघर) होताच! हे प्रकरण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत चाललं. सिंगल कॉइल आहे, थोडा ५० हर्ट्झचा हम येणारच हे मान्य, पण ही हम नव्हती, झर्रर्र असा दाताने कुरतडल्यासारखा आवाज होता. आतला सगळा खड्डा तांब्याच्या टेपने मढवला (भांडी बाजाराच्या गावात राहून तांब्याची टेप ऑनलाईन मागवावी लागली, हसा), टेपच्या मागचा डिंक वीज नेत नाही म्हणून प्रत्येक जोडावर कथिलाचा ठिपका दिला, मीटरने बीप बघितला. वीसेक टक्के फरक पडला असेल. पिकअप बदलायचा म्हणून साडेतीन हजार बाजूला काढून ठेवले होते.

संक्रांतीला नाशिक रोडला बाबांकडे राहायला गेलो तेव्हा गिटार, अँप, केबल सगळं तेच नेलं. चालू केलं तर शांत. मला वाटलं अँपच बंद पडला. म्हणजे भूत गिटारमध्ये नव्हतंच, आमच्या पाथर्डी फाट्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतं. परत आल्यावर मीटर लावला, फेज ते न्यूट्रल २३४ व्होल्ट, फेज ते अर्थ ६० च्या आसपास कुठेतरी तरंगतंय, जिथे तेवढेच २३० च्या वर दिसायला हवेत. इलेक्ट्रिशियन दादांनी सॉकेट उघडलं तर अर्थच्या पिनेला वायरच नाही. दिसायला तीन भोकं, आतून दोनच. आणि मला आठवलं की लॅपटॉप जोडून वाजवताना तारांना मनगट लागलं की बारीक झिणझिण्या यायच्या, मी समजत होतो थंडीचं असेल.

गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणून तारांवर हात ठेवला की आवाज कमी होतो. पण अँपची अर्थच कुठे जात नसेल तर तुम्ही आणि तारा दोघेही हवेत. त्यात वर कोणी गाणारा असेल आणि त्याचा माइक दुसऱ्या लाइनवर असेल तर ओठाला झटका बसतो आणि तो गमतीचा नसतो. दादांनी बोर्डापासून नवीन अर्थ ओढून दिली, साडेसातशे रुपये घेतले, घरमालक अजून "बघू" म्हणतायत. पंख्याचा जुना डिमर टाइप रेग्युलेटर पण बदलला, राहिलेली झर्र त्याची होती. साडेतीन हजारांचे पिकअप वाचले. कोणी सांगेल की अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक, हम जाते, तर त्याचं ऐकू नका, हम जाते आणि कधीतरी माणूस पण जातो.

अँप म्हणाल तर घरी प्रॅक्टिसला मी स्वतःच केलाय, एलएम३८६ आयसीवर, नऊ व्होल्टची बॅटरी, चिवड्याच्या पत्र्याच्या डब्यात. एक आणि आठ पिनेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २० वरून २०० वर जातो, तिथे तो फाटका गोड आवाज येतो. अर्धा वॉट असेल-नसेल, पण खालच्या काकू गणपतीत ढोलाच्या प्रॅक्टिसला काही बोलत नाहीत आणि याला बोलतात. व्हॉल्व्ह अँप मी उघडत नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट प्लग काढल्यावरही बसून असतात, बाबांनी पण हात जोडले.

किटला जोडून फझ (आवाज फाडणारं पेडल) पण केला म्हणून त्याचा अनुभव इथेच. फझ फेस, १९६६ चं सर्किट, दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर पार्ट. सुरुवातीचे जर्मेनियमवर होते, आणि बाबांच्या जुन्या रेडिओच्या डब्यात एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे पाच तुकडे निघाले, पायांना अजून जुनं कथील. पाचातले दोन बरे, एक इतका लीक (बंद असतानाही करंट गळणारा) की हातात धरला तरी मीटर पळायचा. जानेवारीत, सकाळी घरात स्वेटर घालून, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्ट येतील असा ट्रिमपॉट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावला. काय आवाज! गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की काचेसारखा साफ, पूर्ण केला की लोकरीची शाल.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि तोच फझ खोकायला लागला. सूर धरला की दोन सेकंदात फर्र्र करून बंद. मला वाटलं डाग सुटला, अर्धा दिवस सगळे डाग परत दिले. जर्मेनियमची गळती साधारण दर दहा डिग्रीला दुप्पट होते, आणि माझी जानेवारीची सकाळ ते एप्रिलची दुपार यात पंचवीसेक डिग्रीचा फरक, म्हणजे पाचपट तरी गळती, मग साडेचार व्होल्ट तिथे राहतील कसे. पेडल अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी, आणि खरंच जानेवारीचा आवाज परत आला, वीस मिनिटं टिकला. बायकोने फ्रिज उघडला आणि काही न बोलता बंद केला. आता ट्रिमपॉटला झाकणातून स्क्रूड्रायव्हर जाईल एवढं भोक पाडलंय, उन्हाळ्याची खूण लाल, हिवाळ्याची निळी. ज्याला ही कटकट नको त्याने फझ सिलिकॉनच्या बीसी१०८ ट्रान्झिस्टरवरच करावा, आवाज जास्त टोकदार येतो पण मे महिन्यात पण तोच येतो. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स पण पुढे सिलिकॉनवर गेलाच होता.

एक चूक तुम्ही करू नका. हा पीएनपी प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा फझ आहे, म्हणजे प्लस अर्थला जोडलेला. बाकीची पेडलं मायनस अर्थ. मी सगळी एकाच अडॅप्टरच्या माळेत जोडली, म्हणजे प्लस आणि मायनस सरळ शॉर्ट. अडॅप्टरने एकदा वास सोडला आणि गेला. आता फझला वेगळी बॅटरी.

राहिलं हवामानाचं. मार्च ते मे फ्रेटबोर्ड सुकून आकसला, फ्रेटची टोकं कडेला हाताला लागायला लागली, कानस तिरकी धरून हलक्या हाताने घासली, दोन संध्याकाळी गेल्या. मागच्या आठवड्यात पहिला पाऊस झाला आणि नेक थोडी पुढे वाकली, ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची दांडी) पाव फेरा आवळला, एक रात्र तशीच ठेवली, बसली जागेवर. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नाही, ही पान्याची लढाई नाहीये.

आत्तापर्यंतचा हिशोब असा की किट साडेअकरा, तारांचे चार सेट, टेप, नोझल क्लीनर, पॉलिश, इलेक्ट्रिशियन मिळून अजून पाच हजारांच्या आसपास. ट्यूनर मशीन (तारा पिळायच्या खुंट्या) हलके आहेत, जी (G) तार बेंड केली की उतरते, ते बदलणार आहे. स्विच नऊ महिन्यांत एकदा खरखरला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, ठीक. केबल लावायच्या जॅकची पत्र्याची वाटी सारखी फिरते आणि आतली वायर पिळली जाते, दोनदा तुटली, तिसऱ्यांदा मी वाटीच बदलून स्क्रूची आणली. स्विचच्या मधल्या पोझिशनला (दोन्ही पिकअप एकत्र) हम गायब व्हायला हवा होता, तो होत नाही, कारण त्यासाठी एक पिकअप उलट वळणाचा आणि उलट चुंबकाचा लागतो आणि या किटमध्ये दोन्ही सारखे आहेत. घेताना विक्रेत्याला हे एक विचारून घ्या, मी विचारलं होतं, उत्तर आलं "येस सर बेस्ट क्वालिटी".