मीटर मेला: पिनियन बदलायचा, की गिअरबॉक्सची शेपटी उघडायची?

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर जाऊन ‘मीटर बंद पडलाय’, म्हणजे वेगाचा काटा, एवढंच म्हणा. पहिला मिस्त्री केबल बदला म्हणेल, दुसरा मीटरच बदला म्हणेल, आणि तिसरा गाडीखाली न वाकताच गिअरबॉक्स उतरवायला निघेल. आमच्या जुन्या टाटा ४०७ ट्रकवर पहिल्या दोघांचं ऐकून झालं. दोष निघाला मागच्या शाफ्टवर, मीटरच्या गिअरमध्ये. म्हणून पर्यायांचं बोलण्याआधी तुटलंय काय ते शोधायचं.

यंत्रणा साधी आहे. गिअरबॉक्समधून मागे प्रॉपेलर शाफ्टकडे (मागची चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्याकडे) जाणाऱ्या शाफ्टवर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या तिरक्या दात्यांचा गिअर, असतो. त्याच्या दात्यांत आडवा बसलेला छोटा पिनियन, बहुतेक नायलॉनचा. पिनियनच्या पोटात केबलचं चौकोनी टोक. केबल वर मीटरमध्ये लोहचुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीने वाटी व काटा सरकतो. ऑटो शुल्झने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती जुन्या ट्रकांत अजून तशीच आहे.

तपासायला गाडी सपाट जागी घ्या. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागचं एक चाक उचलून खाली घोडी (लोखंडी स्टँड), आणि मगच हँडब्रेक सोडा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. पिनियनची स्लीव्ह, म्हणजे त्याला धरून ठेवणारी नळी, पिनियनसकट बाहेर काढा. थोडं ऑइल सांडेल, खाली ट्रे ठेवा. आता प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवत बॅटरीच्या उजेडात भोकातून आत बघा. वर्मचे दाते सगळीकडे सारखे आणि पिनियन मात्र तासलेला, तर स्वस्तात सुटलात. वर्मवर खड्डे किंवा तुटका दाता दिसला, तर दुसरी गोष्ट. शाफ्ट फिरतो पण वर्म जागीच राहतो, हा तिसरा प्रकार, आणि लोक फसतात ते इथेच. दाते शाबूत असतात, पण गिअर शाफ्टवर पकडून ठेवणारी क्लिप किंवा खाचेतली चावी (लोखंडी पाचर) तुटलेली असते. काही गिअरबॉक्समध्ये हा गिअर कपलिंगच्या (प्रॉपेलर शाफ्ट जोडायच्या तुकड्याच्या) मोठ्या नटाच्या दाबावरच घट्ट बसतो. तिथे नुसता नट सैल झाला तरी मीटरचा काटा आधी नाचतो आणि मग झोपतो.

नुसता पिनियन बदलणं म्हणजे तासाभराचं काम. पार्ट स्वस्त, गिअरबॉक्सला हातही लागत नाही. पण पिनियन का गेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू नका. पिनियनच्या सगळ्या दात्यांऐवजी एकाच जागचे दाते भुगा झाले असतील, तर वर केबल किंवा मीटर अडकलाय. पावसाळ्यात दादरच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून काढलेल्या गाड्यांत केबल आतून गंजते. तशी केबल ठेवली तर नवा पिनियनही जाणार. दुसरी गोष्ट दात्यांची. दुकानदार ‘चालेल हो’ म्हणत दोन दाते जास्तीचा पिनियन हातात ठेवतो. १६ दात्यांच्या जागी १८ चा बसला, तर खरा वेग ८० असताना काटा ७१ दाखवेल आणि १००० किलोमीटरला मीटर ८८९ मोजेल. डिझेलचा हिशेब आणि ऑइल बदलण्याची वेळ, दोन्ही चुकतात. दात्यांची संख्या आणि त्यांचा तिरकेपणा, दोन्ही जुन्याशी जुळवूनच घ्या.

नायलॉन सतत तुटतो म्हणून पितळेचा पिनियन करून देणारे लेथवाले कुर्ल्यापासून साकीनाक्यापर्यंत भेटतात. मी तो घेणार नाही. अडकलेल्या केबलचा ताण आला की नायलॉनने तुटावं म्हणूनच तो मऊ ठेवलाय. पितळ तुटलं नाही तर झीज वर्मकडे जाते, आणि वर्म बदलणं म्हणजे एका दिवसाची मजुरी.

वर्म बदलायचा तर मागची बाजू उघडावी लागते. प्रॉपेलर शाफ्टच्या जोडावर खूण करून तो सोडवायचा, कपलिंगचा नट काढायचा, पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) कपलिंग ओढायचं, मग मागचं कव्हर. हातोड्याने कपलिंग ठोकणारा मिस्त्री दिसला तर काम थांबवा, ते ठोके थेट बेअरिंगवर जातात. मजुरी ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: कव्हर काढल्यावर गिअर हाताला येतो, की बेअरिंगही ओढावं लागतं? पुष्कळ ट्रकांत गिअर बेअरिंगच्या मागेच असतो, तेव्हा अख्खी गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. कव्हरखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतील तर त्याच परत गेल्या पाहिजेत. उघडलंच आहे तर ऑइल सील आणि गॅस्केट नवं घाला. जुन्या सीलवरचा नंबर किंवा तिन्ही मापं (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) घेऊन गेलात तर नागदेवी स्ट्रीटवर मिळून जातं. ऑइल काढताना रंग बघा. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. धातूचे तुकडे निघाले तर मीटर विसरून आधी गिअरबॉक्सचं बघा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेकंड गिअरबॉक्स आणायचा सल्लाही मिळतो. एका वर्मसाठी तो खटाटोप करू नका. दुसऱ्याच्या गाडीतून निघालेल्या गिअरबॉक्समध्ये काय झिजलंय ते बसवल्यावरच कळतं. तिसरा गिअर ओरडतोय किंवा सिंक्रो (गिअर गुपचूप पडायला मदत करणारी रिंग) गेलाय, अशी आधीची तक्रार असेल तरच हा विचार करा. मात्र सुटा वर्म नवा मिळत नसेल तर तिथेच शोधा, काढलेला चांगला गिअर नव्या डुप्लिकेटपेक्षा बरा.

राहिला जीपीएसचा मीटर. ना गिअर, ना केबल, काचेवर चिकटवला की झालं, आणि वेगही चांगला दाखवतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या भाताण किंवा माडप बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तिथे आकडा अडकतो किंवा गायब होतो, पण चालवणाऱ्याला तेवढं खपून जातं. खरी अडचण आरटीओच्या पासिंगची. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते आणि त्या तपासणीत गाडीचा स्वतःचा मीटर बघितला जातो. शिवाय मागाहून स्पीड गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) बसवलेल्या पुष्कळ जुन्या ट्रकांत त्याचा सेन्सर गिअरबॉक्सच्या याच तोंडावर असतो. वर्म मेला की गव्हर्नरलाही वेग कळेनासा होतो. म्हणून पासिंग लांब असेल आणि गाडीचे रोजचे पैसे सोडवत नसतील, तर तेवढे महिने जीपीएसवर काढा. पासिंग महिन्यावर आली असेल तर गाडी दिवसभर उभी करून वर्मच करून घ्या.

आम्ही वर्म, पिनियन, केबल आणि सील असं एकदमच केलं. तासला गेलेला जुना पिनियन अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. दुकानात दाते मोजायला पुढच्या वेळी तोच लागणार.