चिकटणारे ब्रेक : क्रोमचा पिस्टन ठेवावा की स्टेनलेसचा घ्यावा?

पावसाळाभर फोंड्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली माझी जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार चवथीच्या तोंडावर बाहेर काढली, की ती डावीकडे ओढू लागे आणि बोरीच्या पुलापर्यंत पोहोचेतो पुढचे डावे चाक तापून त्याला हात लावणे अशक्य होई. ज्यांच्या गाडीला हेच दुखणे आहे त्यांना बहुधा दोन पर्यायांतून निवड करावी लागते: ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारे जुनेच क्रोमचा मुलामा दिलेले पिस्टन साफ करून नवे रबरी सील बसवणे किंवा पिस्टनही स्टेनलेस स्टीलचे घेणे. मी दोन्ही करून पाहिले आहे.

खर्चाआधी दोष कॅलिपरचाच, म्हणजे हे पिस्टन ज्यात बसतात त्या ब्रेकच्या चिमट्याचाच, आहे याची खात्री करावी. चाक जॅकवर उचलून पेडल दाबून सोडावे आणि चाक अडकलेले असतानाच ब्लीडिंग निपल (कॅलिपरमधले तेल व हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करावा. तेल उसळून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला आहे. मग रबरी होज आतून फुगून बंद झाला आहे का, पेडलच्या जोराने तेलावर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला (पेडलला जोडलेल्या दांड्याला) थोडी मोकळीक आहे का, ते आधी पाहावे. तरीही चाक घट्टच राहिले, तर पिस्टन किंवा पॅड अडकला आहे.

या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पेडल दाबल्यावर चौकोनी काटछेदाचे सील पिस्टनबरोबर किंचित पिळले जाते आणि दाब ओसरला की पूर्ववत होताना तेच पिस्टनला केसभर मागे आणते. इतक्या नाजूक हालचालीला क्रोमवरचा मोहरीएवढा गंजही पुरतो.

जुने पिस्टन ठेवण्याचे काम स्वस्त आहे, एका दिवसात होते आणि गाडी वर्षभर दर आठवड्याला चालवणाऱ्यांना ते पुरेल, असे मला वाटते. माझी गाडी मात्र चार महिने दमट हवेत उभी असते. लागोपाठ दोन वर्षे मी पिस्टन बारीक पॉलिश पेपरने घासून नवे सील घातले. दिवाळीपर्यंत सारे सुरळीत चाले आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तेच चाक पुन्हा धरून बसे. तिसऱ्या वेळी क्रोमचा पापुद्राच सुटून आला. दर वर्षी तेच कॅलिपर उतरवा, ब्रेकच्या नळ्यांतली तीच हवा काढा आणि रंग खाणारे डॉट 4 प्रतीचे ब्रेकचे तेल मडगार्डवर सांडू नये म्हणून जपत बसा, याचा मला मनापासून वीट आला आणि निर्णय तिथेच झाला.

स्टेनलेसचे पिस्टन महाग पडतात, ब्रिटनमधून मागवावे लागतात, वर सीमाशुल्क भरावे लागते, आणि मूळ सुट्या भागांचा आग्रह धरणाऱ्यांना ते रुचणार नाहीत, हे मान्य. बसवल्यावर मात्र ते नजरेस पडत नाहीत. स्टेनलेस उष्णताही कमी वाहून नेते, ही अनमोड घाट उतरताना तेलाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. तो फरक मला जाणवला असे मात्र म्हणवत नाही. चार पावसाळे उलटले, चाक हाताने फिरते, एवढे सांगू शकतो.

एक काळजी दोन्ही पर्यायांत सारखीच आहे: कॅलिपरचे बिडाचे अंग गंजतेच, आणि सीलच्या खोबणीत गंज साचलेला राहिला तर स्टेनलेसचा पिस्टनही चिकटेल. ती खोबण मी पितळी ब्रशने, उजेडात धरून, दोनदा साफ केली होती.