नव्वद हजारांची ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ सेरेंगेटी

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाची सफारी माणशी नव्वद हजारांत, पाच रात्री, जेवणखाण आणि पार्क फीसकट, असं कुणी सांगत असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्ही घेतलेल्या अशाच पॅकेजमध्ये विमानाचं भाडं धरलेलं नव्हतं, तरीही हा आकडा बसूच शकत नाही. कसा ते सांगते.

एजंट डोंबिवलीचा, दिराच्या मित्राच्या ओळखीतला. बोलायला गोड, शब्दाशब्दाला ‘ताई’. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकन हरणांचे) कळप मगरींच्या तोंडातून निसटत मारा नदी ओलांडताना दिसत होते आणि खाली लिहिलं होतं, ‘फेब्रुवारी स्पेशल’. पहिला हप्ता भरल्यावर चारच दिवसांत फोन आला, “ताई, डॉलर चढतोय, आज पूर्ण भरलंत तर जुन्याच रेटने देतो. आणि माझ्या सेव्हिंग खात्यावर टाका, म्हणजे टीसीएसची कटकट नाही.” परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आगाऊ कर, कापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती रक्कम रिटर्न भरताना आपल्याला वळती करून मिळते. म्हणजे वाचणार काहीच नव्हतं. कागदावर येणार नव्हता तो त्याचा धंदा.

आरुशापर्यंत, म्हणजे सफारी जिथून सुरू होते त्या शहरापर्यंत, सगळं सुरळीत. छत उघडणारी लँड क्रूझर आली, ड्रायव्हर-गाइड अतिशय सभ्य. कराटू मागे टाकून आम्ही सेरेंगेटीच्या वाटेवरच्या न्गोरोंगोरो या संरक्षित क्षेत्राच्या लोडोआरे गेटला पोचलो. गाइड कागद घेऊन खिडकीशी गेला आणि बराच वेळ आलाच नाही. इकडे एक दांडगा बबून शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर बसून कुणाचा तरी लंच बॉक्स फोडत होता, आम्ही त्याचेच फोटो काढत होतो. गाइड परत आला तो चेहरा पाडून. आमच्या नावावर एकही फी भरलेली नव्हती. त्याने आरुशातल्या सफारी कंपनीच्या मालकाला फोन लावून दिला. मालक म्हणाला, मुंबईकडून मला फक्त गाडीचे आणि राहण्याचे पैसे आलेत, तेही अर्धेच. गेटवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. ह्यांनी फॉरेक्स कार्ड काढलं. एजंटचा फोन तेव्हापासून ‘नॉट रिचेबल’.

आता हिशेब. आम्ही गेलो तेव्हाचे सीझनचे दर असे होते: सेरेंगेटीत मोठ्या माणसाला 24 तासांचे 70 डॉलर, वर 18 टक्के व्हॅट, म्हणजे 82.60. पार्कच्या आत मुक्काम असेल तर लॉजमार्फत दर रात्री माणशी आणखी 60 डॉलर अधिक व्हॅट. न्गोरोंगोरो हे वेगळ्या प्राधिकरणाचं, त्याची फी वेगळी, व्हॅट धरून 70.80. आरुशाहून सेरेंगेटीचा नेहमीचा रस्ता त्यातूनच जातो, त्यामुळे नुसतं ओलांडायलाही जाताना आणि येताना दोन्हीदा भरावी लागते. हे आपल्याकडे कुणी आधी सांगत नाही. न्गोरोंगोरोच्या क्रेटरमध्ये, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवरात, उतरायचं तर गाडीमागे 295 डॉलर. चार माणसं, सेरेंगेटीत तीन रात्री, असं धरलं तर नुसती सरकारी फीच 2700 डॉलर, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. आम्ही दिले होते तीन लाख साठ हजार. उरलेल्या पैशांत पाच दिवसांची गाडी, डिझेल, गाइड, राहणं, जेवण आणि एजंटचं कमिशन? अशक्य. दर बदलत असतात, तेव्हा तुमच्या तारखांचे दर त्या त्या प्राधिकरणाकडून घ्या आणि कोटेशनसमोर हाच हिशेब मांडून बघा.

पुढची फसवणूक कॅम्पची. नावात ‘सेरेंगेटी’ होतं, पण तंबू इकोमा गेटच्या बाहेर. पास एका प्रवेशाचा असतो, बाहेर पडलात की संपला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा चौघांची फी. शेवटी आम्ही क्रेटर सोडून दिला. जाऊबाईंनी त्या क्रेटरसाठीच दुर्बीण घेतली होती. त्या दिवशी त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

आणि ती मारा नदी! फेब्रुवारीत कळप दक्षिणेला, न्दुतू आणि नाबी हिलच्या आखूड गवताच्या पठारावर असतात. तो विणीचा हंगाम. नदीवरचा थरार साधारण जुलै ते ऑक्टोबर, तोही पार उत्तरेला कोगातेंदेकडे. गाइडला व्हिडिओ दाखवला तर त्याला हसू आवरेना. आम्हाला नाबीजवळ नुकती जन्मलेली, पाय लटपटणारी पिल्लं दिसली, ती मात्र सुंदरच होती. पण ती एजंटची कृपा नव्हे.

बुकिंगआधी तिथल्या कंपनीचं नाव आणि तिचा पर्यटन परवाना मागा, आणि त्या कंपनीशी स्वतः बोला. कॅम्प नकाशावर शोधा, गेटच्या आत की बाहेर ते बघा. शेवटचा हप्ता फी भरल्याची पावती बघितल्यावरच द्या. शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे बँकेकडे दाद मागता येते.

पोलिसांनी आम्हाला ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता ग्राहक आयोगात केस टाकली आहे. वकिलांनी पहिल्यांदा मागितल्या त्या गेटवरच्या कार्डाच्या स्लिपा आणि ‘पार्क फी इन्क्लूडेड’ असं लिहिलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. एजंटने तो नंतर डिलीट केला, पण दिराने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.