फ्रॅपे फ्रेमवर्कमधल्या परवानग्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

ईआरपीनेक्स्ट हे कंपनीचा साठा, खरेदी, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर ज्या पायावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क मुंबईत तयार झालं, आणि ते ओपन सोर्स आहे. स्टोअर, खरेदी आणि अकाउंट्स अशा तीन विभागांसाठी काही महिने चालवल्यावर मत असं झालं आहे: यातली परवानग्यांची व्यवस्था भक्कम आहे, पण रोल आणि यूजर परमिशन यांची कामं वेगळी ठेवली तरच. बहुतेक गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्यानेच होतो.

रोल सांगतो की कुठल्या डॉकटाइपवर (म्हणजे खरेदी ऑर्डर, स्टॉक एंट्री अशा नोंदींच्या प्रकारावर) काय करता येईल: वाचणं, लिहिणं, नवीन बनवणं, सबमिट, कॅन्सल, अमेंड (रद्द केलेली नोंद सुधारून पुन्हा बनवणं), एक्सपोर्ट. यूजर परमिशन सांगते की त्यातली नेमकी कुठली डॉक्युमेंट्स दिसतील. रोल एकमेकांत मिळवले जातात. 'हे करू नको' असं सांगणारा रोल इथे नाहीच. त्यामुळे एखाद्या रोलला 'इफ ओनर' लावून फक्त स्वतः बनवलेल्या नोंदी दाखवायच्या ठरवल्या आणि त्याच माणसाकडे दुसरा कुठला तरी रोल साधं रीड देणारा असला, तर ती अट निकामी होते. 'मर्यादा लावली तरी सगळं दिसतंय' अशी तक्रार आली की आधी त्या माणसाचे सगळे रोल एका कागदावर उतरवून बघावेत.

यूजर परमिशनची खरी परीक्षा गोदामात होते. समजा, स्टोअरकीपरला 'कच्चा माल' या वेअरहाउसची परमिशन दिली. त्या क्षणापासून वेअरहाउसची लिंक (वेअरहाउस निवडायचं फील्ड) असलेल्या प्रत्येक डॉकटाइपवर ती लागू होते, कारण 'अप्लाय टू ऑल डॉक्युमेंट टाइप्स' ही खूण मुळातच लावलेली असते. आता त्याला माल 'उत्पादन' वेअरहाउसला पाठवायचा आहे, तर स्टॉक एंट्रीत ते नावच यादीत येत नाही. आणखी चकवणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्याने बनवलेली एंट्री यादीत दिसते, पण उघडायला गेलं की परवानगी नाही. कारण असं, की यादी फक्त मुख्य फॉर्मवरची लिंक तपासते, तर डॉक्युमेंट उघडताना आतल्या टेबलमधली प्रत्येक ओळही तपासली जाते.

उपाय सोपा आहे. कस्टमाइज फॉर्ममध्ये जाऊन टार्गेट वेअरहाउसच्या फील्डवर 'इग्नोर यूजर परमिशन्स' ची खूण करायची. मुख्य फॉर्मवर आणि टेबलमध्ये, दोन्हीकडे. एकच केलं तर अर्धं काम होतं आणि मग माणूस डोकं धरून बसतो. सोर्स वेअरहाउसच्या फील्डला मात्र हात लावायचा नाही, खरी मर्यादा तिथेच आहे. वेअरहाउस झाडासारखे एकाखाली एक असल्याने वरच्या पातळीची परमिशन दिली की खालची सगळी मिळतात. नको असेल तर 'हाइड डिसेंडंट्स' लावावं.

रिकाम्या फील्डचं काय? सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'अप्लाय स्ट्रिक्ट यूजर परमिशन्स' बंद असेल, तर ज्या डॉक्युमेंटमध्ये ती लिंक भरलेलीच नाही ती सगळ्यांना दिसतात. चालू केलं की ती लपतात. जुना डेटा आयात केला असेल तर आधी रिकामी फील्डं भरून घ्यावीत आणि मगच हे चालू करावं, नाहीतर निम्म्या नोंदी गायब झाल्याचे फोन सुरू होतात.

दर लपवण्यासाठी परमिशन लेव्हल आहेत, 0 ते 9. फील्डला लेव्हल 1 द्यायची आणि ज्यांना दर दिसायला हवेत त्या रोलला लेव्हल 1 ची वेगळी ओळ द्यायची. टेबलमधल्या फील्डसाठीही ती ओळ मुख्य डॉकटाइपवरच द्यावी लागते. फॉर्मवर हे चोख चालतं. पण स्क्रिप्ट रिपोर्ट (कोड लिहून बनवलेला रिपोर्ट) थेट डेटाबेसमधून आकडे उचलत असेल, तर तिथे लेव्हलचा उपयोग नाही. स्टॉक बॅलन्ससारख्या रिपोर्टमध्ये मूल्यांकन उघडं पडतं. त्यासाठी 'रोल परमिशन फॉर पेज अँड रिपोर्ट' मधून रिपोर्टच मोजक्या रोलपुरता ठेवावा.

रोल परमिशन्स मॅनेजरमध्ये एक खूण बदलली की त्या डॉकटाइपच्या सगळ्या मूळ परवानग्यांची कस्टम प्रत तयार होते आणि पुढे तीच चालते. अपग्रेडमध्ये आलेला नवा बदल मग तिथे पोहोचत नाही. म्हणून काय बदललं त्याची नोंद ठेवावी, आणि अपग्रेडनंतर काही अडलं तर मूळ परवानग्या परत आणून आपले बदल नव्याने करावेत. रोल प्रोफाइल (रोलचा तयार संच) वापरत असाल तर एखाद्याला 'तेवढ्यापुरता' वेगळा रोल देऊ नका. सेव्ह करताना तो उडतो. मॉड्यूल प्रोफाइल फक्त मेनू लपवतं, पत्ता टाइप केला की पान उघडतं. त्याला सुरक्षा समजू नये.

कस्टम कोड लिहून घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. नोंदींची यादी आणणाऱ्या फंक्शन्सपैकी गेट_लिस्ट परवानग्या पाळतं, गेट_ऑल पाळत नाही. गेट_डॉक ने डॉक्युमेंट आणताना वाचायची परवानगी आपोआप तपासली जाते असं समजू नका. व्हाइटलिस्ट केलेली (ब्राउझरमधून बोलावता येणारी) मेथड लॉगिन केलेला कुणीही बोलावू शकतो, त्यामुळे आत चेक_परमिशन हवंच. कोडमध्ये तपासणी टाळणारं 'इग्नोर_परमिशन्स' दिसलं की लिहिणाऱ्याला कारण विचारा. घाईत टाकलेलं असतं आणि तसंच राहून जातं.

चाचणी ॲडमिनिस्ट्रेटरने करण्यात अर्थ नाही, त्याला कुठलीच तपासणी लागू नाही. प्रत्येक रोलसाठी एक चाचणी यूजर बनवून इन्कॉग्निटो विंडोत बघावं. नव्या आवृत्तीतला परमिशन इन्स्पेक्टर यूजर आणि डॉक्युमेंट दिल्यावर नकार कुठल्या पायरीवर मिळाला ते सांगतो; हे साधन फार उपयोगाचं आहे.

नोकरी सोडलेल्या माणसाचा यूजर डिलीट न करता 'इनेबल्ड' ची खूण काढावी, म्हणजे जुन्या नोंदींवरचं नाव शाबूत राहतं. विभाग बदललेल्याच्या बाबतीत मात्र शेअर केलेली डॉक्युमेंट्स तपासायला विसरू नका: रोल काढला आणि यूजर परमिशन बदलली तरी थेट शेअर केलेलं डॉक्युमेंट त्याला दिसत राहतं, ते डॉकशेअरच्या यादीतून वेगळं काढावं लागतं.