31 हजार फॉलोअर आणि 3 पेट्या

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. दलालाच्या हातावर माल न ठेवता थेट घरोघरी पेट्या पाठवायच्या, असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि तिथूनच या प्रकरणाला सुरुवात झाली. लहान धंदा करणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं लिहिते आहे.

सप्टेंबरमध्ये एका डिजिटल मार्केटिंगवाल्याशी करार केला. महिन्याला 15 हजार त्यांची फी, 10 हजार जाहिरातींसाठी, वर 18 टक्के जीएसटी. त्यात इन्स्टाग्राम, फेसबुक आणि वेबसाइटवर महिन्याला चार लेख. बोलणं इतकं गोड की ह्यांनी पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम दिली.

दर महिन्याच्या 5 तारखेला रंगीत आलेखांची पीडीएफ यायची. फेब्रुवारीत फॉलोअर 31 हजारांवर गेले होते. 'एकूण रीच 4 लाख' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं. मी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे. आता आठवलं की जीव तुटतो.

आमच्या सासूबाई ऑर्डरचे फोन घेतात. नाव, पत्ता, किती डझन हे लिहून झालं की त्या प्रत्येकाला विचारतात, "आमचं नाव कुठून कळलं हो?" आणि वहीत शेवटच्या रकान्यात उत्तर लिहितात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. मार्चअखेर मी ती वही घेऊन बसले. 86 ऑर्डर. 41 जुनी गिऱ्हाइकं, 29 जणांना जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितलेलं, 13 गूगलवर शोधून आलेले. इन्स्टाग्राम 3. त्या तिघांतला एक माझ्या भाच्याचा मित्र.

भाचा पुण्यात असतो. त्याने रात्री फोनवर बसून फॉलोअरची यादी उघडायला लावली. फोटो नाही, एकही पोस्ट नाही, नावापुढे आकड्यांची शेपटी, बरीचशी नावं परदेशी. तुर्कस्तानातला माणूस देवगडहून पेटी मागवणार आहे का? मग त्याने मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीची, अॅड लायब्ररी उघडली. कुठल्याही पानाच्या चालू जाहिराती तिथे कुणालाही फुकट दिसतात. ऐन हंगामात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्या नावावर एकही जाहिरात चालू नव्हती. 10 हजारांचा हप्ता मात्र त्याच महिन्याच्या 2 तारखेला गेला होता.

रीचची गंमतही तेव्हाच उलगडली. रीच म्हणजे आपली पोस्ट किती खात्यांसमोर आली तो आकडा. त्यांनी सहा महिन्यांची बेरीज करून 'एकूण' म्हणून दाखवली होती. म्हणजे तोच माणूस दर महिन्याला नव्याने मोजलेला.

वेबसाइटचं नाव ह्यांच्या नावावर होतं म्हणून निदान गूगल सर्च कन्सोल जोडता आलं. तेही फुकट आहे. लोक काय टाइप करून आपल्याकडे आले, ते शब्द त्यात दिसतात. 'आंबा खाण्याचे दहा फायदे' छापाचे त्यांचे पंचवीसेक लेख, त्यांवर महिन्याला दोन-चार क्लिक. जवळपास सगळे लोक आले होते ते मी दोन वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेल्या दोन पानांवर. एक, पेटी आल्यावर अढी कशी घालायची, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत कसे ठेवायचे. दुसरं, आंब्यात साका, म्हणजे आतला पांढरट, स्पंजासारखा गर, का निघतो आणि निघाला तर आम्ही बदलून कसा देतो. त्या दोन पानांसाठी आम्ही कुणालाही छदाम दिला नव्हता.

मी जाहिरातींच्या मेटाच्या पावत्या मागितल्या. त्यांनी स्वतःचीच बिलं परत पाठवली. लॉगिन मागितलं तर म्हणाले, "मॅडम, ते आमच्या सिस्टिममध्ये आहे." पान त्यांनीच काढलेलं, नंबर त्यांचा, पासवर्ड त्यांचा. वकिलांनी करार वाचला. त्यात 'रीच व एंगेजमेंट (म्हणजे लाइक, कमेंट वगैरे) वाढवणे' एवढंच लिहिलं होतं. ऑर्डर हा शब्द कुठेच नाही, आणि सही आमची. सात महिन्यांचे 2 लाख 6 हजार 500 गेले. आमच्या हिशेबाने साडेतीनशे पेट्यांची कमाई.

तुम्ही कुणाला काम देणार असाल तर पान आणि जाहिरातखातं आधी स्वतःच्या नंबरवर काढा, त्यांना फक्त काम करण्यापुरती परवानगी द्या. जाहिरातीचे पैसे आपल्याच कार्डावरून थेट कापू द्या. पीडीएफ घेऊच नका. इनसाइट्स, म्हणजे पानाची आतली आकडेवारी, समोर बसून मोबाइलवर उघडायला लावा आणि फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत ते बघा, कारण आमचा माल मुंबई-पुण्यात जातो आणि तुमचाही ठरावीक ठिकाणीच जात असेल. आम्ही आता प्रत्येक जागी व्हॉट्सअॅपची वेगळी लिंक ठेवली आहे. इन्स्टाग्रामवरून कुणी दाबली की 'नमस्कार, इन्स्टावर पाहिलं' असा मजकूर आपोआप तयार येतो. वेबसाइटवरच्या लिंकला वेगळा. सासूबाईंचा रकाना तरीही चालूच आहे, कारण फोन करणारे लिंक दाबत नाहीत.

जूनमध्ये भाच्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. आमचं जुनं इन्स्टाग्राम पान. बागेचे, काढणीचे, सासूबाईंचे फोटो सगळे काढून टाकलेले. नाव बदलून एका कपड्यांच्या दुकानाचं केलेलं, पहिली साडी कालच टाकलेली. खाली फॉलोअर तेच, 31 हजार.